ऊन पाणी आणि विसण

मनुष्याच्या दिनचर्येतील ज्या क्रिया अत्यंत नित्याच्या म्हणून कोणाच्याही चिंतनाचा विषय होत नाहीत, त्यांपैकी स्नान ही एक होय. आणि स्नानापूर्वी पाणी तापेपर्यंत, किंवा नळातून ऊन पाणी येईपर्यंत, माणसाला जे थांबावे लागते त्याचा विचार तर त्याहूनही विरळा. वास्तविक हिवाळ्याच्या दिवसांत प्रत्यक्ष अंगावर पाणी घेण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून या प्रतीक्षेस पुष्कळदा अधिक वेळ लागतो, आणि त्या वेळात घरातील माणसे काय करतात यावर सरपण, वीज व पाणी या तिन्हींचा बराचसा जमाखर्च अवलंबून असतो. या प्रकरणात त्या प्रतीक्षेचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्राच्या वायव्य टोकाचा नंदुरबार जिल्हा मुद्दाम निवडला आहे; कारण तीन दगडांच्या चुलीपासून गच्चीवरील सौर संयंत्रापर्यंत, आणि तांब्याच्या बंबापासून भूगर्भातून आपोआप वर येणाऱ्या उष्णोदकापर्यंत, ऊन पाणी मिळविण्याचे बहुतेक सारे प्रकार या एका जिल्ह्यात आजही शेजारी शेजारी नांदत आहेत.

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके आहेत. तापीच्या काठची काळी, सपाट, कापूस आणि मिरची पिकविणारी जमीन एकीकडे, आणि तिच्या उत्तरेस नर्मदेपर्यंत पसरलेल्या सातपुड्याच्या रांगा दुसरीकडे, असे त्याचे दोन सर्वस्वी भिन्न विभाग पडतात. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर असलेल्या तोरणमाळला आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाबच्या परिसराला कडाक्याच्या थंडीत गवतावरील दव गोठून पांढरे होते. तर वैशाखात तापीकाठच्या गावांत पारा चाळीस अंशांच्या वर सहज चढतो. ज्या प्रदेशात एका ऋतूत ऊन पाण्यासाठी थांबावे लागते आणि दुसऱ्या ऋतूत पाणी निवावे म्हणून थांबावे लागते, त्या प्रदेशातील लोकांच्या स्नानाच्या सवयी अभ्यासण्याजोग्या असणार यात नवल नाही.

डोंगरातील पाड्यांपासून आरंभ करू. भिल्ल आणि पावरा समाजाची घरे सातपुड्याच्या उतारांवर एकमेकांपासून अंतर राखून, आपापल्या शेतात वसलेली असतात, आणि पाणी बहुधा खाली ओहोळाला, झऱ्याला किंवा हातपंपाला असते. तेथून हंडा डोक्यावर घेऊन चढ चढून यावयाचे, आणि ते पाणी तापविण्यासाठी रानातून लाकूडही डोक्यावरूनच आणावयाचे, हे काम मुख्यतः स्त्रियांचे. अशा ठिकाणी सर्वांसाठी पाणी तापविणे परवडत नाही. बाळंतीण, तान्हे मूल, आजारी माणूस आणि अतिवृद्ध यांच्यासाठी चुलीवर पाणी चढते; बाकीचे धट्टेकट्टे लोक ऊन वर येईपर्यंत थांबतात आणि ओहोळावर जाऊन अंग धुतात. येथेही प्रतीक्षा आहेच, परंतु ती सूर्याची आहे, आणि तिच्यात काडीचेही सरपण खर्ची पडत नाही. पहाटेचे स्नान हाच शुचितेचा एकमेव मार्ग मानणाऱ्या आपल्या पांढरपेशा समजुतीने या रिवाजाला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. उपलब्ध साधनांचा तो पूर्ण विचारान्ती ठरलेला बंदोबस्त आहे.

तो किती विचाराचा आहे हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. पंधरा अंश सेल्सियस तापमानाचे पंधरा लिटर पाणी चाळीस अंशांपर्यंत, म्हणजे अंगाला सुखद वाटेल इतके तापवावयाचे झाल्यास त्याला ३७५ किलोकॅलरी उष्णता द्यावी लागते. एक किलो सुक्या लाकडात सुमारे साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता साठलेली असते खरी, परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीत तिचा फार तर दहावा-आठवा हिस्सा भांड्यापर्यंत पोहोचतो आणि उरलेली वारा, धूर व तापलेले दगड यांच्या वाट्याला जाते. म्हणजे एका माणसाच्या एका ऊन स्नानाला जवळजवळ एक किलो लाकूड जळते, आणि सहा माणसांच्या घराने रोज ऊन पाण्याचा हट्ट धरला तर स्वयंपाकाखेरीज सहा किलो सरपणाची तजवीज करावी लागते. हेच पाणी गॅसच्या शेगडीवर तापविले तर सुमारे पन्नास ग्रॅम गॅस पुरतो, आणि विजेवर तापविले तर अर्ध्या युनिटहून किंचित कमी वीज लागते. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅसची टाकी पोहोचविली. तरी गॅस भाजीभाकरीसाठी राखून ठेवावयाचा आणि अंघोळीचे पाणी बाहेरच्या चुलीवर, काटक्याकुटक्यांवर तापवावयाचे, हा शिरस्ता ग्रामीण भागात अजून सर्रास आढळतो. ज्या काटक्या रानातून फुकट मिळतात त्या जाळाव्यात आणि ज्यासाठी रोख पैसे मोजावे लागतात तो गॅस जपून वापरावा, हा त्यामागचा सरळ हिशेब आहे. मात्र त्या फुकटाच्या काटक्यांची किंमत कोणाच्या तरी पायपिटीने आणि डोळ्यांत जाणाऱ्या धुराने चुकती होत असते, हेही विसरून चालणार नाही.

डोंगर उतरून शहादा, तळोदे, नंदुरबार या गावांकडे आले की जुन्या घरांतून तांब्याचा बंब भेटतो. बंबाची रचना साधी परंतु अत्यंत कुशल आहे. उभट, गोल भांड्याच्या मधोमध एक नळकांडे असते. त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडावयाची जागा, आणि सभोवती पाणी. इंधन नळकांड्यात वरून टाकावयाचे; त्यामुळे विस्तव पाण्याच्या खाली न राहता पाण्याच्या पोटातच राहतो, त्याची आच चहूंकडून पाण्यालाच मिळते, आणि धूर वरून निघून जाताजाताही आपली उष्णता नळकांड्याच्या भिंतीला देऊन जातो. खानदेशात कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या असे शेतातून व घरातून निघणारे बहुतेक सारे जळण बंब स्वीकारतो. उघड्या चुलीवरच्या हंड्याशी तुलना करता हे यंत्र इंधनाची मोठी बचत करते, आणि ज्या काळात उष्णतागतिकीचे नाव आपल्या कारागिरांच्या कानावर पडले नव्हते त्या काळातही तांबटांनी केवळ अनुभवाच्या बळावर त्याचा आकार निश्चित केला, ही गोष्ट आपल्या कारागिरीविषयी आदर वाढविणारी आहे.

परंतु बंबाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या धातूइतकेच त्याच्याभोवती जमलेल्या शिस्तीत होते. ज्याने एक बादली ऊन पाणी काढून घेतले त्याने एक बादली गार पाणी बंबात ओतलेच पाहिजे, हा नियम लहान मुलालाही ठाऊक असे. आपण घेतलेल्या सुखाची भरपाई मागून येणाऱ्यासाठी आपणच करावयाची, ही शिकवण त्यात होती. पूजा करणारा कोण, शाळेला जाणारे कोण, शेताला निघणारे कोण, यांवरून स्नानाचा क्रम ठरलेला असे. एकामागून एक माणूस न्हाणीघरात जाई, आणि बंब एकदा पेटला की सगळ्यांची अंघोळ होईतो विस्तव वाया जात नसे. पाणी तापण्याची वाट प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाहावयाची नसून घराने मिळून एकदाच पाहावयाची, ही त्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी काटकसर होती. अंगणात झाडलोट, सडा, दंतधावन, गुरांना वैरण अशी पहाटेची सारी कामे त्या अवधीत उरकली जात, आणि म्हणून त्या प्रतीक्षेचा कोणालाही जाच वाटत नसे.

या व्यवस्थेतील दुसरा घटक म्हणजे विसण. बंबातले पाणी कढत असते; ते तसेच अंगावर घेता येत नाही; म्हणून घंगाळात किंवा बादलीत त्यात बेताचे गार पाणी मिसळून ते सोसेल असे करावे लागते. गणिताने पाहिले तर साठ अंशांचे दहा लिटर पाणी आणि पंधरा अंशांचे आठ लिटर पाणी एकत्र केले असता चाळीस अंशांचे अठरा लिटर पाणी तयार होते. म्हणजे भर हिवाळ्यातील सुखोष्ण स्नानातही जवळजवळ अर्धे पाणी गारच असते! ही गोष्ट ध्यानात ठेवण्याची विनंती आहे, कारण पुढील सर्व विवेचनाचा आधार हीच आहे. विसण घालण्याचा योग्य क्रम असा की, आधी बादलीत गार पाणी घ्यावे आणि मग त्यावर ऊन ओतावे. कारण उलट केल्यास मधल्या क्षणी बादलीत निव्वळ कढत पाणी असते आणि नेमक्या त्याच क्षणी एखादे मूल त्यात हात घालते. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या भाजण्याविषयीच्या अभ्यासावरून असे दिसते की, साठ अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांतच कातडी खोलवर भाजते, तर पन्नास अंशांच्या आत त्यास कित्येक मिनिटे लागतात. आपल्या वैद्यकानेही कढत पाण्यास मर्यादा घातली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात ऊन पाणी मानेखालच्या शरीराला बल देणारे, परंतु डोक्यावर घेतल्यास केस व डोळे यांना अपायकारक म्हणून सांगितले आहे.

आता बंबाकडून नळाकडे वळू. नळाने ऊन पाणी खेळविण्याची कल्पना खानदेशाला सर्वस्वी परकी नाही. तापीच्याच काठी, नंदुरबारपासून बरेच वरच्या अंगाला, जुन्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे जे बऱ्हाणपूर, तेथील शाही किल्ल्यात मोगल अमदानीतील हमाम आजही उभा आहे. परंतु हमामखान्याचे सुख पाणक्यांच्या, लाकूडतोड्यांच्या आणि विस्तव सांभाळणाऱ्या नोकरांच्या श्रमांवर उभे होते आणि ते सामान्य रयतेच्या घरापर्यंत आले नाही. सामान्यांच्या घरात नळाचे ऊन पाणी आणण्याचे श्रेय मागील दीड शतकातील यंत्रज्ञांकडे जाते. लंडनच्या बेंजामिन मॉन याने १८६८ मध्ये गॅसवर चालणारे पाणी तापविण्याचे यंत्र काढले. मूळच्या नॉर्वेकर एडविन रूड याने १८८९ मध्ये अमेरिकेत पाणी साठवून आपोआप तापविणारी टाकी सिद्ध केली. आणि बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प याने १८९१ मध्ये सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणाऱ्या पेटीचे एकस्व घेतले. आज नंदुरबार-शहाद्याच्या नव्या वसाहतींतील गच्च्यांवर ज्या काळ्या नळ्यांच्या चौकटी दिसतात, त्या केम्पच्या पेटीच्याच वंशज होत.

या सौर संयंत्राला पंप लागत नाही. नळ्यांतील पाणी तापले की हलके होऊन वरच्या टाकीत चढते, टाकीच्या तळाचे गार पाणी त्याच्या जागी खाली उतरते, आणि सूर्य असेतो हा फेरा आपोआप चालू राहतो. टाकीभोवती उष्णतारोधक वेष्टण असल्यामुळे सायंकाळचे ऊन पाणी पहाटेपर्यंत बऱ्यापैकी ऊन राहते. खानदेशातील निरभ्र हिवाळा या यंत्राला अत्यंत अनुकूल आहे. मग ‘सोलरचे पाणी आले का?’ हा प्रश्न घरोघर पहाटे का विचारावा लागतो? त्याचे कारण टाकीत नसून टाकीपासून न्हाणीघरापर्यंत गेलेल्या नळात आहे. त्या नळात रात्रभर उभे असलेले पाणी पार गार झालेले असते, आणि ते सगळे बाहेर पडल्याशिवाय टाकीतले ऊन पाणी तोटीपर्यंत येऊ शकत नाही. पाऊण इंची नळाच्या प्रत्येक मीटरमध्ये सुमारे ३०० मिलिलिटर, आणि अर्धा इंची नळाच्या प्रत्येक मीटरमध्ये सुमारे १८० मिलिलिटर पाणी मावते. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत पंधरा मीटर नळ धरला तर पाऊण इंची नळात सुमारे साडेचार लिटर आणि अर्धा इंची नळात अडीच लिटरांहून अधिक गार पाणी अडकलेले असते. शिवाय मागून येणारे पहिले ऊन पाणी आपली उष्णता नळाच्या थंड भिंतीला देऊन कोमट होते, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडे जास्तच पाणी सोडावे लागते. मिनिटाला सहा लिटर देणाऱ्या तोटीखाली मिनिटभर थांबावे लागते ते या कारणाने.

या एका मिनिटात माणसे काय करतात ते पाहण्यासारखे आहे. कोणी तोटीखाली बोटे धरून उभा राहतो आणि ऊब लागताच बादली सरकवतो. कोणी तोटी सोडून दात घासावयास जातो आणि पाणी वाफाळू लागल्यावरही पाच मिनिटे परतत नाही. कोणी धारेच्या नुसत्या आवाजावरून पाणी आले असा अंदाज बांधतो. येथे अपव्ययाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. नळ लांब किंवा जाड असल्यामुळे जे पाणी सोडावेच लागते तो रचनेचा अपव्यय, आणि पाणी ऊन झाल्यानंतरही माणूस तेथे नसल्यामुळे जे वाहून जाते तो सवयीचा अपव्यय. पहिल्यात केवळ पाणी जाते. दुसऱ्यात पाणी आणि उष्णता दोन्ही जातात, म्हणून तो अधिक दोषास्पद. चार माणसांच्या कुटुंबात चौघांनी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी अंघोळ केली आणि प्रत्येकाने पाच लिटर गार पाणी मोरीत सोडले, असे धरले, तर दिवसाला वीस लिटर आणि हिवाळ्याच्या चार महिन्यांत चोवीसशे लिटर पाणी जाते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक माणसासाठी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले आहे. त्या मानाने पाहता एका घराच्या मोरीतून रोज एका माणसाच्या हिश्श्याच्या एक तृतीयांशाहून अधिक पाणी निघून जाते. ज्या जिल्ह्याच्या डोंगरात एकेक हंडा चढ चढून न्यावा लागतो, त्याच जिल्ह्याच्या सपाटीवर हे घडावे, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

आणि हे सगळे अनावश्यक आहे. मागे सांगितल्याप्रमाणे अठरा लिटरांच्या स्नानाला आठ लिटर गार पाणी लागतेच, आणि नळातून प्रथम येणारे पाच-सहा लिटर गार पाणी हेच ते विसण होय. ते आधी मोरीत सोडून मग दुसऱ्या तोटीतून पुन्हा गार पाणी घेण्यात कसलेही प्रयोजन नाही. बादली तोटीखाली ठेवून मगच तोटी सोडावी, पहिले गार पाणी तीत पडू द्यावे, मागाहून येणारे ऊन पाणी त्यावर पडून ते आपोआप सुखोष्ण होईल, आणि उणे राहील तेवढेच गार पाणी वरून घालावे. प्रतीक्षेचा एक क्षणही वाया जाणार नाही, एक तांब्याही फुकट जाणार नाही, आणि आधी गार मग ऊन हा सुरक्षिततेचा क्रमही आपोआप पाळला जाईल. दुसरा उपाय बंबाच्या काळचाच आहे: घरातील माणसांनी एकामागून एक स्नान करावे, म्हणजे नळ एकदाच रिकामा करावा लागेल. तिसरा उपाय घर बांधतानाचा आहे: न्हाणीघर टाकीच्या थेट खाली व शक्य तितके जवळ घ्यावे, ऊन पाण्याचा नळ उगाच जाड घालू नये, आणि त्यावर उष्णतारोधक वेष्टण चढवावे. ज्यांच्या न्हाणीघरात बादलीऐवजी फवारा आहे, त्यांनी फवाऱ्याखाली आधी बादली ठेवण्यास काहीच हरकत नाही. परदेशी राहणारी पुष्कळ मराठी कुटुंबे फवाऱ्याच्या न्हाणीघरातही बादली आणि ‘मग’ आठवणीने ठेवतात, तो केवळ जुन्या वळणाचा आग्रह नसून शहाणपणाही आहे.

हिवाळ्यातील आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. पहाटे विहिरीवर मोट किंवा पंप चालू झाला की पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. जमिनीच्या काही मीटर खाली दिवस-रात्रीचा आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचा फेर पोहोचत नाही. तेथील तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीच्या जवळ, म्हणजे खानदेशात पंचवीस अंशांच्या आसपास, बारमाही स्थिर राहते. उलट गच्चीवरील टाकीतले पाणी रात्रभर उघड्या आकाशाखाली राहून हवेइतके गार होते. पहाटे बोअरचे ताजे पाणी काढून तेच तापविले तर पंचवीसऐवजी पंधरा अंशांचीच वाढ द्यावी लागते, आणि सरपण असो वा वीज, पाच हिश्श्यांपैकी दोन हिस्से वाचतात. ज्यांच्या अंगणात विहीर किंवा बोअर आहे त्यांनी ही बचत अवश्य साधावी.

वैशाखात सगळा प्रकार उलटा होतो. गच्चीवरची काळी टाकी आणि भिंतीवरून उतरलेला नळ दिवसभर तापतात, आणि दुपारी गार पाण्याची तोटी सोडली तरी हात पोळेल असे पाणी येते. तेव्हा लोक नळातले ऊन पाणी जाऊन गार पाणी येण्याची वाट पाहतात. परंतु टाकीच तापलेली असल्यामुळे ही वाट पाहणे व्यर्थ ठरते आणि तापलेले पाणी मात्र मोरीत जाते, तेही ज्या दिवसांत विहिरी तळाला गेलेल्या असतात अशा दिवसांत. यावरचा जाणत्या घरांचा उपाय असा की, रात्रीच बादल्या आणि पिंपे भरून न्हाणीघरात सावलीत ठेवावीत, किंवा सूर्योदयापूर्वी स्नान उरकावे. टाकीवर गवताचे किंवा जुन्या गोणपाटाचे छप्पर घातले तर फरक चटकन जाणवतो.

विजेच्या आणि गॅसच्या साधनांसंबंधी दोन शब्द ताकिदीचे लिहिणे कर्तव्य आहे. पंधरा लिटरांचा, दोन किलोवॅटचा गीझर वीस अंशांचे पाणी साठ अंशांवर न्यावयास सुमारे वीस मिनिटे घेतो. तो तासभर आधी लावून ठेवण्याने पाणी अधिक चांगले तापत नाही, केवळ टाकीची उष्णता भिंतीतून झिरपत राहते. बादलीत सोडावयाचा हीटर स्वस्त म्हणून भाड्याच्या खोल्यांतून व वसतिगृहांतून फार वापरला जातो; तो चालू असताना पाणी किती तापले हे पाहण्यासाठी पाण्यात बोट घालण्याची सवय प्राणघातक आहे. बटण बंद करावे, प्लग काढावा, हीटर बाहेर घ्यावा, आणि मगच पाण्याला हात लावावा. गॅसच्या गीझरविषयी तर याहून कठोर शब्द लिहिले पाहिजेत. बंद, लहान न्हाणीघरात तो जळू लागला की हवेतील प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू साठू लागतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूकडे ओढले जाते, आणि ऊन पाण्याच्या सुखात माणसाला गुंगी केव्हा आली हे त्याचे त्याला कळत नाही. असा गीझर न्हाणीघराच्या आत कदापि बसवू नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त नळ आत घ्यावा.

या जिल्ह्यात एक जागा मात्र अशी आहे की जेथे ऊन पाण्यासाठी कोणालाच थांबावे लागत नाही. शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव येथे उष्णोदकाचा झरा आहे. गोमुखातून पडणाऱ्या त्याच्या धारेखाली स्नान करण्यासाठी दूरदूरचे लोक येतात आणि त्वचेच्या विकारांवर त्याचा गुण येतो अशी त्यांची श्रद्धा आहे. हे पाणी ज्वालामुखीने तापते, असा समज पुष्कळांचा असतो, तो बरोबर नाही. दख्खनच्या काळ्या खडकाला जन्म देणारे लाव्हारसाचे उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे; त्यांची उष्णता केव्हाच निवून गेली. परंतु भूपृष्ठापासून जसजसे खाली जावे तसतसे दर किलोमीटरला पंचवीस ते तीस अंशांनी तापमान वाढत जाते, आणि नर्मदा-तापीच्या खोऱ्यांना अनुसरून गेलेल्या भूकवचातील मोठ्या भेगांतून पावसाचे पाणी पुष्कळ खोल झिरपते, तेथे तापते, आणि अनुकूल वाट मिळताच पुन्हा वर येते. एका अर्थी तेथेही प्रतीक्षा आहेच. फक्त ती पाण्याने जमिनीच्या पोटात दीर्घकाळ केलेली असते.

शेवटी आश्रमशाळांचा विचार केल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होणार नाही. नंदुरबार आणि तळोदे येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या अखत्यारीत या जिल्ह्यातील हजारो मुले-मुली वसतिगृहांत राहून शिकतात, आणि पौष-माघाच्या पहाटे त्यांना अंघोळीसाठी रांगेत उभे राहावे लागते. तेथे प्रतीक्षेचे स्वरूप निराळे आहे. शंभर मुलांना प्रत्येकी दहा लिटर धरले तर हजार लिटर पाणी लागते, आणि मिनिटाला सहा लिटर देणाऱ्या दोनच तोट्या असतील तर टाकी कितीही मोठी आणि पाणी कितीही कढत असले तरी शेवटच्या मुलाला सव्वा तासाहून अधिक काळ कुडकुडत थांबावे लागणार. म्हणून केवळ सौर संयंत्र बसविल्याने काम पुरे झाले असे समजता येत नाही: तोट्या पुरेशा हव्यात, नळ आखूड हवा, नळ्यांवरील धूळ वेळोवेळी पुसली जाते की नाही हे पाहणारा माणूस नेमलेला हवा, आणि पहिले गार पाणी रांगेतल्या पहिल्या लहानग्यांच्या अंगावर न पडता विसणासाठी पिंपात साठविण्याची व्यवस्था हवी. थंडीच्या दिवसांत लहान मुलाला ऊन पाणी मिळणे ही चैन नव्हे. स्वच्छतेची सवय त्याच्या अंगी प्रेमाने रुजावी असे वाटत असेल तर ती प्राथमिक गरज आहे.

वाचकांना विनंती एवढीच की, उद्या सकाळी तोटी सोडण्यापूर्वी तिच्याखाली बादली ठेवावी, आणि ही गोष्ट घरातील मुलांना स्वतः करून दाखवावी. या सवयीला पैसा लागत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही, आणि नवे यंत्रही लागत नाही. ती आपल्या आज्या-पणज्यांच्या न्हाणीघरात होतीच, तिला फक्त नळाच्या काळात पुन्हा जागा करून द्यावयाची आहे.